गाठ माशाशी आहे

गरवायला जाणारी माणसं आळशी असतात, असा एक समज आहे. तो खरा असता तर किती बरं झालं असतं! गळाला कोळंबी लावायची, गळ पाण्यात सोडायचा, धक्क्यावर पाय सोडून बसायचं. मासा लागला तर लागला, नाहीतर दिवेलागणीला घरी. या वर्णनावर भाळूनच मी निवृत्तीनंतर हा छंद लावून घेतला. बँकेत सारा जन्म दुसऱ्यांच्या सह्या ताडून पाहण्यात गेला होता; आता नुसतं समुद्राकडे बघावं, एवढीच इच्छा. पण समुद्राच्या आणि माणसाच्या मधे एक दोरा असतो, आणि त्या दोऱ्याला जाती, पोटजाती आणि पंथ असतात, याची कल्पना पेन्शनच्या कागदपत्रांत कुणी दिलेली नव्हती.

रत्नागिरीत दोऱ्याला तोटा नाही. मिरकरवाड्यासारखं बंदर असलेल्या गावात गळ, शिसं आणि तंगूस सहज मिळतो. मी मुद्दाम सगळ्यांत मोठ्या दिसणाऱ्या दुकानात गेलो, कारण नवशिक्याला दुकान मोठं लागतं.

"एक दोरा द्या," मी म्हटलं.

"कशासाठी?"

"मासे धरायला."

"ते झालं हो. खाडीत, धक्क्यावर का खडपात? रीळ आहे का हातानं टाकणार? किती पौंडी देऊ?"

पौंडी! या देशात किलो येऊन साठ वर्षं उलटली, पण दोऱ्याच्या गुंडीवर अजून पौंडाचंच राज्य आहे. दहा पौंडी म्हणजे दहा पौंडांच्या ओढीपर्यंत तग धरणारा, एवढं समजावून दुकानदारानं विचारलं, "मासा केवढा धरणार?"

आता हे आधी कसं सांगायचं? कर्जाच्या अर्जात माणूस उत्पन्न फुगवून लिहितो, हे मी आयुष्यभर टेबलाच्या अलीकडून पाहत आलो; पलीकडे उभं राहिल्यावर मलाही तोच मोह झाला. आमच्या खाडीत तळहाताएवढी काळुंदरं मिळतात. एखाद्याला बरीशी तांबोशी लागली तर तिचं नाव चार दिवस धक्क्यावर निघतं, आणि चौथ्या दिवशी तिचं वजन पहिल्या दिवसाच्या दुप्पट झालेलं असतं. पण दोरा घेताना काळुंदराचं माप कुणी देत नाही. दोरा घ्यायचा तो स्वप्नातल्या माशाच्या मापाचा.

"चाळीस," मी म्हणालो.

"चाळीसनं होडी बांधाल. आणि एवढा जाड दोरा माशाला दिसतो."

हे शेवटचं वाक्य त्यानं सुटे पैसे मोजता मोजता सहज टाकलं. तेव्हापासून पाण्याखालून कुणीतरी आपल्याकडे बघतंय आणि मनात हसतंय, ही भावना माझ्या मनातून गेलेली नाही.

मी पुतण्याला फोन केला. तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. त्याचा माशाशी संबंध ताटात येतो तेवढाच, पण जगातले बहुतेक मासेमार त्यानं मोबाइलवर पाहिलेले आहेत, आणि हल्ली तेवढं पुरतं.

"काका, तीन ऑप्शन आहेत. मोनो, फ्लोरो आणि ब्रेड."

"ब्रेड चालेल. बोयीला पाव आवडतो म्हणतात."

"आमिष नाही हो काका, दोरा! वेणीसारखा विणलेला."

मग त्यानं पाऊण तास मला शिकवलं. मोनो म्हणजे आपला तंगूसच. अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीनं १९३८ मध्ये नायलॉन जाहीर केलं. ते आधी दात घासायच्या ब्रशात शिरलं, लगोलग गळाच्या दोऱ्यात, आणि मग तिकडच्या बायकांच्या पायमोज्यांत. आमच्या घरात नायलॉन आता पोहे आणि साबुदाणा यांच्यापुरतंच उरलं होतं, ते दोऱ्याच्या रूपानं परत आलं. हा दोरा ताणला की चांगला लांबतो. त्यामुळे माशानं हिसका दिला तर तुटत नाही, पण माशानं आमिष कुरतडलं तर कळतही नाही. शिवाय त्याला 'मेमरी' असते. महिनाभर रिळावर जसा गुंडाळून ठेवला, तशीच वेटोळी तो बाहेर आल्यावरही लक्षात ठेवतो. मला चष्मा कुठे ठेवला ते दहा मिनिटं लक्षात राहत नाही आणि शंभर रुपयांचा दोरा महिन्याचं लक्षात ठेवतो, हा अपमान मी गिळला.

"तोटा एकच," पुतण्या म्हणाला. "पाणी शोषून थोडा कमजोर होतो. आणि उन्हानं खराब होतो."

पाणी आणि ऊन सोडून मासेमारी कुठे करतात, हे विचारायचं राहूनच गेलं.

त्याच सुमारास एका लग्नासाठी पुण्याला जाणं झालं. दिवस संक्रांतीच्या आदले. पेठेतल्या एका दुकानात दोऱ्यांच्या गुंड्या टांगलेल्या दिसल्या म्हणून आत शिरलो. "नायलॉनचा दोरा आहे का? चांगला मजबूत हवा. काही झालं तरी तुटता कामा नये."

दुकानदार उठून उभा राहिला. त्यानं माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे नजर टाकली, माझे बूट पाहिले आणि हात जोडले. "आपल्याकडे तसला माल नाही, साहेब. कधी ठेवलेलाच नाही."

राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, तेव्हापासून जानेवारी महिन्यात हा शब्द मोठ्यानं उच्चारू नये, एवढं साधं भान मला कोकणातून येताना राहिलं नव्हतं. आणि बंदी योग्यच आहे. त्या दोऱ्यानं पाखरांचे पंख आणि माणसांचे गळे कापलेत.

"अहो, पतंगासाठी नको. मासे धरायला हवाय."

"पेठेत?" तो म्हणाला.

मी निमूट बाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत आलो तोच मागून एक पोरगा धावत आला आणि कानाशी लागून म्हणाला, "काका, किती गुंड्या पाहिजेत?"

रत्नागिरीला परतलो ते फ्लोरोकार्बनचा निश्चय करूनच. हा दोरा जपानच्या कुरेहा कंपनीनं १९७१ मध्ये आणला, आणि त्याची सारी ख्याती अशी की तो माशाला जवळजवळ दिसत नाही. याला कारण अपवर्तनांक. पाण्याचा १.३३, फ्लोरोकार्बनचा १.४२ आणि नायलॉनचा १.५३ च्या आसपास. जो आकडा पाण्याच्या जवळ, तो दोरा पाण्यात विरून जातो. बारावीला ज्या अपवर्तनांकानं माझे इंजिनिअरिंगचे दोर कापले, तो आता मासे मिळवून देणार म्हणून मी जास्तीचे पैसे आनंदानं मोजले.

दिसू नये ही माणसाची धडपड जुनीच आहे. आयझॅक वॉल्टन नावाच्या इंग्रजानं १६५३ मध्ये मासेमारीवर पुस्तक लिहिलं, तेव्हा दोरा घोड्याच्या शेपटीच्या केसांचा वळत. पुढे स्पेनमध्ये रेशमाचे किडे व्हिनेगरमध्ये मुरवून त्यांच्या पोटातली रेशमाची ग्रंथी ओढून लांब करायचे. वाळली की झाला पारदर्शक दोरा. म्हणजे एका माशाची नजर चुकवण्यासाठी आधी घोड्याची शेपूट झाली, मग किड्यांचं पोट झालं, आणि एवढं करून मासा लागायचा तो बोटाएवढाच.

पण फ्लोरोकार्बनची खरी गंमत घरी कळली. माशाला न दिसणारा दोरा मलाही दिसत नव्हता. गॅलरीत उजेडाला बसलो. एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर. गळाच्या डोळ्यात दोरा ओवायचा, चार-पाच पीळ द्यायचे, टोक मागच्या फाशातून काढायचं, थुंकी लावून ओलं करायचं आणि ओढायचं. ओलं केलं नाही तर घासून तापतो आणि गाठ कच्ची राहते, असं पुतण्याचं बजावणं होतं. मी ओवत होतो. दोन्ही हात जुळवून, जीभ दातांत धरून, श्वास रोखून ओवत होतो. पाच मिनिटांनी लक्षात आलं, चिमटीत दोराच नाही. जे इतका वेळ ओवत होतो ती माझी श्रद्धा होती.

बायको केरसुणी घेऊन आली. "काय हुडकताय?"

"दोरा."

"कुठला?"

"तो दिसत नाही."

"ते कळतंय. कसा आहे?"

"तसाच आहे. न दिसणारा."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "रक्तदाबाची गोळी घेतलीत का?" आणि केर काढून गेली. दोरा त्या केरात गेला असावा. खात्री देता येत नाही.

तिकडे पावसाळा लागला. खाडीला लाल गढूळ पाणी आलं, पाण्यात घातलेला हात मनगटापुढे दिसेना. अशा पाण्यात मासा दोरा पाहणार कुठून? तरी मी फ्लोरोच लावत होतो. महागाची वस्तू घेतली की तिचा उपयोग आहे की नाही हा प्रश्न गौण होतो. आमच्या बिल्डिंगीत थंडी पडत नसताना तिघांकडे गीझर आहेत.

राहिला ब्रेड. याचा धागा म्हणजे पॉलिथिलिनचाच एक अति मजबूत प्रकार. महाराष्ट्र सरकारनं २०१८ मध्ये ज्यांच्यावर बंदी घातली त्या भाजीच्या पिशव्यांचा हा सख्खा चुलत भाऊ, पण शिकून पुढे गेलेला. याच्यापासून गोळी अडवणारी जाकिटं करतात. तितक्याच जाडीच्या तंगुसापेक्षा कितीतरी मजबूत, पाण्यावर तरंगणारा, आणि ताण दिला तरी जवळजवळ न लांबणारा. माझा आला तो झेंडूसारखा पिवळाधमक.

"पिवळा कशाला?" मी पुतण्याला विचारलं. "माशाला दिसेल ना!"

"तुम्हाला दिसावा म्हणून."

"आणि मासा?"

"त्याचं नंतर सांगतो."

ब्रेड न लांबणारा असल्यामुळे तळाशी काय चाललंय ते सगळं बोटाला कळतं. हा गुण म्हणून सांगतात. मला पहिल्याच संध्याकाळी खेकड्यांच्या सगळ्या खाजगी हालचाली कळू लागल्या. लाट आली की कळे, शिसं दगडाला लागलं की कळे, आणि प्रत्येक वेळी मी हिसका देऊन उठे. तंगूस होता तोवर अज्ञानात सुखी होतो. एकदा मात्र ओढ जड लागली, चांगली दमदार. घाम पुसत वर घेतली, तर भाजीची पिशवी. पॉलिथिननं पॉलिथिन ओळखलं, मी मधे निमित्त.

या ब्रेडनं खरी परीक्षा घेतली ती भगवती बंदराजवळ. भरतीचं पाणी, वारा पडलेला. गळ टाकला आणि थोड्या वेळानं दोरा ताठ झाला. ओढला, हलेना. पुन्हा ओढला, अजिबात हलेना. अशा वेळी आसपासची माणसं कुठून जमतात, देव जाणे.

"मोठा हाय!" एक जण म्हणाला.

"हलत नाय म्हंजे गोबरा. गोबरा कपारीत शिरून बसतो."

"ढील देऊ नका. दमवा त्याला."

मी दमवू लागलो. तंगूस असता तर तुटून मोकळा झालो असतो. हा तुटणारा नव्हता. हाताला गुंडाळून ओढावं तर बोटं कापायची. तेव्हा कुणीतरी लाकडाचा दांडका आणून दिला, त्याला वेढे देऊन मी मागे रेललो. एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला जे काय असेल ते. कुणी वजनाचा अंदाज केला, कुणी फोटो काढला, एकानं वाटा ठरवायला सुरुवात केली. एक बाई घरी निरोप पाठवून मसाला वाटायला सांगतेय असं ऐकू आलं, आणि माझी छाती भरून आली.

थोड्या अंतरावर एक म्हातारे मामा बसले होते. रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला निळा तंगूस बोटावर धरून. त्यांनी एकदाही मान वळवली नव्हती. कुणीतरी त्यांना विचारलं, "मामा, काय असंल?"

"सुकती लागू दे," मामा म्हणाले. "दिसंल."

सुकती लागली. पाणी हळूहळू उतरलं आणि माझा गोबरा दिसू लागला. कालवांनी मढलेला, काळा, बैलगाडीएवढा दगड. गळ त्याच्या फटीत अगदी नेटका बसला होता. लोक पांगले. वाटा ठरवणारा माझ्याकडे असा बघत गेला, जणू मी त्याचं काही देणं लागतो. मी शेवटचा हिसका दिला आणि दोरा कालवाच्या धारेवर घासून फटकन तुटला. बंदुकीची गोळी अडवणारा दोरा कालवानं कापला. मी दांडक्यासकट खाली बसलो.

मामांजवळ जाऊन विचारलं, "तुम्ही हाच निळा तंगूस वापरता?"

"निळाच. पांढऱ्याला मासा लागत नाय."

"आणि हिरव्याला?"

"हिरव्याला लागतो, पण आपल्याला लागत नाय."

"असं का?"

"ते माशाला म्हाईत." मग आवाज उतरवून त्यांनी सांगितलं की निळासुद्धा बाजारातल्या एकाच दुकानातला, आणि तिथेही वरच्या फळीवरचाच लागतो. खालच्या फळीवरच्या गुंड्यांना उंदीर शिवतात. मला बरं वाटलं. आमच्यात फरक फक्त अपवर्तनांकाचा होता. तिथे अर्धा तास बसलो, तेवढ्या वेळात मामांनाही काही लागलं नाही, पण त्याचं खापर त्यांनी वाऱ्यावर फोडलं, दोऱ्यावर नाही.

त्या रात्री मी पुतण्याला निर्वाणीचं विचारलं. "मला एकच सांग. मोनो, फ्लोरो का ब्रेड? एक शब्द बोल."

"तिन्ही."

"म्हणजे?"

"अहो काका, ब्रेड रिळाच्या गुळगुळीत पोटावर घसरतो. म्हणून खाली थोडा मोनो. त्याच्यावर ब्रेड. पण ब्रेड माशाला दिसतो आणि दगडावर कापतो, म्हणून पुढे दोन हात फ्लोरो. सगळे असंच करतात."

मी फोन कानाला तसाच धरून बसलो. इतके महिने वधुपरीक्षा चालली होती, ती तिघींशी लग्न लागणार म्हणून. आणि पिवळा दोरा मला दिसावा म्हणून पैसे मोजायचे, मग तो माशाला दिसू नये म्हणून पुढे पारदर्शक जोडायला आणखी मोजायचे! तरी मराठी माणूस असल्यामुळे ही व्यवस्था मला फार परकी वाटली नाही. तिघांचे स्वभाव वेगळे, रंग वेगळे. एकाला ताणलेलं सोसत नाही, दुसरा ताणल्याशिवाय राहत नाही, तिसरा कुणाला दिसत नाही. आणि तरी तिघांनी मिळून रीळ चालवायचं. आपल्याकडे राज्य चालतंच की असं. प्रश्न फक्त गाठी कुठे आहेत आणि आधी कुठली सुटणार, एवढाच असतो.

इथे गाठ म्हणजे एफजी गाठ. लहानपणी आम्हाला निरगाठ आणि सुरगाठ अशा दोनच गाठी शिकवल्या, त्यांवर धोतरापासून मुंबईला जाणाऱ्या आंब्याच्या पेटीपर्यंत सगळं निभावलं. एफजी गाठीत फ्लोरो ताठ धरायचा आणि ब्रेडचे वीसेक वेढे त्याच्यावर एकदा खालून, एकदा वरून असे आलटून पालटून द्यायचे. त्यासाठी दोन हात, एक तोंड आणि शक्यतो एक सहनशील माणूस लागतो. बायकोला फ्लोरोचं टोक धरायला बसवलं. ब्रेडचं टोक माझ्या दातांत. बारा वेढे झाले होते तोच दाराची बेल वाजली आणि सवयीनं ती उठली. मी दातांनी दोरा धरून तिच्या मागे दारापर्यंत गेलो. दारात दूधवाला. त्यानं काही विचारलं नाही. महिन्याचं बिल मात्र त्यानं त्या दिवसापासून बायकोच्या हातात द्यायला सुरुवात केली.

गाठ बसली. खरंच बसली. नखानं चाचपली, ओढून पाहिली, बायकोनं ओढून पाहिली. दुसऱ्या दिवशी मी मांडवीच्या धक्क्यावर गेलो. पाणी निवळ, ऊन सौम्य. मोनो पोटात, ब्रेड मधे, फ्लोरो पुढे. गळ टाकला. पिवळा दोरा मला दिसत होता, पुढचा कुणालाच दिसत नव्हता. आणि लागला! दगड नाही, पिशवी नाही. जिवंत, डोकं हलवणारी ओढ. रीळ कुरकुरलं, माझं काळीज त्याहून जास्त. आणि मग एकदम हलकं झालं.

दोरा वर घेतला. गळ नाही, शिसं नाही. फ्लोरो मधेच कापलेला. मामा आज इथे बसले होते. त्यांनी ते टोक बोटावर घेऊन उन्हाला धरलं.

"गाठ टिकलीय," मी अभिमानानं म्हणालो.

"गाठ टिकली. फुडचं ग्येलं. सरळ कापलाय. केंडाचं काम."

केंड म्हणजे तो पोट फुगवणारा मासा. विषारी, म्हणून आमच्याकडे कुणी खात नाही. त्याचे चार दात जुळून चोच झालेली असते, आणि त्या चोचीनं तो जे समोर येईल ते कातरतो. म्हणजे इतक्या गाठी, इतके अंक, इतके पैसे करून मी बोलावला तो नेमका खाता न येणारा पाहुणा, आणि तोही गळ घेऊन गेला.

तिथूनच पुतण्याला फोन लावला.

"सोपं आहे काका. टोकाला पोलादी वायर लावा. त्यात एकपदरी येते, सातपदरी येते आणि एकोणपन्नासपदरी येते."

"ती पाण्यात दिसते का?"

"कुणाला?"

"माशाला रे!"

"दिसते की. चांगली ठसठशीत दिसते. पण दातवाले मासे बघत बसत नाहीत."

"एकोणपन्नासपदरी मागव," मी म्हणालो. "निदान मला तरी दिसेल."